गंजत नाही, म्हणून धुतली नाही

मित्रांनो, मी एक जुनी सुरी आहे आणि मला किळस फार येते. तुम्ही म्हणाल, सुरीला कसली आली आहे किळस? पण माझ्या पात्यावरून आजवर काय काय गेले ते ऐकलेत, तर तुमचा हातातला घास हातातच राहील. तरीही मी सगळे सांगणार आहे.

माझा जन्म बेलापूरचा, एकाहत्तर सालचा. साखर कारखान्याच्या भंगारातला पोलादाचा एक जाड, पांढुरका तुकडा पीरमहंमद शिकलगाराच्या हाती लागला. पीरमहंमद गावातल्या विळ्या-कात्र्यांना धार लावत असे. त्याने तो तुकडा आठ दिवस पाण्याच्या मडक्यात बुडवून ठेवला, मग बाहेर काढून उलटसुलट पाहिला आणि बायकोला हाक मारली.

"बानू, बघ की. गंजाचा ठिपका न्हाई."

त्याच सुमारास मनकर्णा त्याच्याकडे आली होती. मनकर्णा गावची सुईण, म्हणजे बायकांची बाळंतपणे करणारी. बाळाची नाळ कापताना हात ओले असतात. एकदा विळा तिच्या हातून निसटून तिच्याच पायावर पडला होता. तिला हवी होती लहानशी, न मिटणारी आणि हातातून न सुटणारी सुरी. पीरमहंमदने माझे चार बोटांचे पाते घडवले, त्याला आखूड मूठ ठेवली आणि मुठीपाशी एक कडी जोडली. तिच्यात तर्जनी अडकवली की हात कितीही निसरडा असो, मी सुटत नसे.

मला तिच्या हाती देताना तो म्हणाला, "मनकर्णाआक्का, काम झालं की धुवून ठेवत जा. पुसायची राहिली तरी फिकीर न्हाई. हिला गंज न्हाई चढायचा."

मनकर्णाचा नवरा रंगनाथ शेजारी तंबाखू मळत उभा होता. त्याने ऐकले अर्धे आणि लक्षात ठेवले त्याच्याही अर्धे. घरी पोचल्यावर तो शेजाऱ्यांना सांगू लागला, "शिकलगार म्हनला, ही सुरी धुवायलाच लागत न्हाई. बिनगंजी हाय."

झाले. त्या एका वाक्याने माझ्या आयुष्याची माती केली. आठवड्याभरात गावभर तेच झाले. गंजत नाही ना, मग धुवायची कशाला? मी ऐकत होते आणि मला तोंड नव्हते.

रंगनाथने मला आपली खासगी दासी करून टाकले. सकाळी तो माझ्याने तंबाखूची पाने चिरी. दुपारी पायाच्या अंगठ्याचे नख काढी. ते नख पिवळे होते, जाड होते आणि त्याच्याखाली काय साठलेले होते ते मी सांगत नाही. त्या साली दुष्काळी कामावर खडी फोडून त्याच्या तळपायाला कुरूप झाले होते. तेही तो माझ्याच टोकाने कोरी. नंतर त्याच टोकाने कांदा चिरून भाकरीवर ठेवी आणि चवीने खाई. मला शिसारी येई. हे सगळे झाले की मला धोतराच्या सोग्याला पुसायचे. ते धोतर कधीकाळी पांढरे होते असे म्हणतात.

आणि तरीही मी चकाकत होते! विळ्याला घाण लागली तर तो काळा पडतो, तांबडा होतो, बघणाऱ्याला निदान कळते. माझ्या अंगावर काहीच दिसत नसे. बाया माझी कडी बोटात घालून बघत आणि म्हणत, "लई ग्वाड हाय, अंगठीवानी." मला ते आवडायचे, हे कबूल करते. स्तुती ऐकताना कडीच्या सांध्यात काय साचते आहे तिकडे मीही लक्ष दिले नाही.

मनकर्णा स्वतः टापटिपीची बाई होती. बाळंतपणाला जाताना हात राखेने घासून धुवायची, लुगडे बदलायची. पण माझ्या बाबतीत तीही फसली. मला उजेडात धरायची, चमक बघायची आणि पिशवीत टाकायची.

बहात्तरच्या उन्हाळ्यात रंगनाथच्या शेळीच्या खुरात किडे पडले. त्याने मला खुरात खुपसले. किडे, पू, लेंड्या, गोठ्यातली माती, सगळे माझ्या पात्यावरून कडीपर्यंत वाहत आले. असली घाण मी जन्मात पाहिली नव्हती. त्याने मला सोग्याला पुसून कोनाड्यात ठेवले. तासाभराने लंकाबाईच्या घरून बोलावणे आले.

लंकाबाई चार घरे सोडून राहायची. लग्नाला सहा वर्षे झाल्यावर तिला हे पहिले मूल होत होते. मुलगा झाला. मनकर्णाने माझ्याने नाळ कापली. पाचव्या दिवशी पाचवी पुजली, म्हणजे बाळाचे नशीब लिहायला येणाऱ्या सटवाईची पूजा केली. नाळ कापलेले हत्यार त्या पूजेत ठेवायची रीत आहे. मला पाट्यावर ठेवले. लंकाबाईने स्वतः मला हळद-कुंकू वाहिले आणि नमस्कार केला.

सहाव्या दिवशी बाळाने अंगावर पिणे सोडले. त्याचा जबडा उघडेना. जरा हात लागला तरी ते धनुष्यासारखे ताठ होई. आठव्या दिवशी ते गेले.

"सटवाईनं नेलं," सगळे म्हणाले. मनकर्णाही तेच म्हणाली आणि लंकाबाईला धरून रडली. मी पिशवीत होते. मित्रांनो, तोवर मला दुसऱ्यांची किळस येत होती. त्या दिवसापासून मला स्वतःची येऊ लागली.

पुढे चार महिन्यांनी पीरमहंमदची मुलगी हाजराबी पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. तिच्या कळा सुरू झाल्या तेव्हा दुपार होती. बानू धावत मनकर्णाकडे आली. शेळीचे खूर पुन्हा चिघळले होते आणि रंगनाथ गोठ्यात मला घेऊन बसला होता. मनकर्णाने हाक मारताच त्याने मला सोग्याला पुसले आणि पुढे केले.

"घे, लखलखीत हाय."

मी लखलखीतच होते. मनकर्णाने मला पिशवीत टाकले. ज्याने मला घडवले त्याच्याच घरी मी मरण घेऊन निघाले होते, आणि हे माझ्याशिवाय कोणालाही ठाऊक नव्हते. मला बोंब मारावीशी वाटत होती.

हाजराबीला मुलगी झाली. ती लगेच रडली. मनकर्णाने तिला आईच्या पोटावर ठेवले, नाळ बांधली आणि माझ्या कडीत बोट घातले. बोट अडकले. कडीच्या सांध्यात चिकट, खरखरीत असे काही होते. तिने बोट काढून नाकाशी नेले आणि तोंड फिरवले. मग मला दाराच्या उजेडात नेऊन कडी नखाने खरवडली. शेळीचे केस निघाले.

"बानूभाबी, चुलीवर पानी ठेव."

"आता गं? आधी नाळ तर काप. सुरी चकाचक हाय की."

"चकाकतीय गं. पन घान हाय. पानी ठेव."

राख आणली. तिने मला कडीच्या आतून काथ्याने घासले, मग उकळत्या पाण्यात सोडले. पाण्यावर तपकिरी फेस आला. मनकर्णा चुलीपाशी बसून त्या फेसाकडे बघत राहिली. बघता बघता तिचा चेहरा उतरला. तिला उन्हाळ्यातली शेळी आठवली होती. त्या दिवसाचे बोलावणे आठवले होते. पाणी खळखळत होते तरी तिने मला बराच वेळ बाहेर काढले नाही.

मग माझ्याने नाळ कापली. त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. मनकर्णा रोज दोनदा त्या घरी जाऊन बाळ पिते का ते पाही. सहावा दिवस गेला, आठवा गेला. पंधरा दिवसांनीही पोरगी अंगावर पीत होती आणि साऱ्या घराला जागवत होती.

त्या संध्याकाळी रंगनाथने तंबाखूसाठी माझ्याकडे हात नेला.

"हात लावू नगा हिला," मनकर्णा म्हणाली.

"आगं, एक पान चिरतो."

"दात हायेत की तुमास्नी. दातानं चिरा."

आणि तिने त्याला सगळे सांगितले. रंगनाथ खाली बसला. तंबाखू त्याच्या हातातच राहिली. मग तो म्हणाला, "लंकाबाईला सांगू नगंस. गावात कळलं तर कोन बोलवील तुला? तुज्या हाताचं यश ग्येलं म्हनत्याल."

"म्हनू द्या," मनकर्णा म्हणाली. पण तिची त्या रात्रीची भाकरी तशीच पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लंकाबाईकडे गेली. लंकाबाई ओट्यावर बाजरी निवडत होती. तिला पुन्हा दिवस गेले होते. मनकर्णाने मला तिच्यासमोर ठेवले.

"लंकाबाई, तुजं लेकरू सटवाईनं न्हाई न्येलं. ह्या सुरीनं न्येलं. शेळीचं खूर कोरल्याली सुरी म्या धुतली न्हाई. नुसती चमक बघितली. शिव्या द्यायच्या तर दे. दुसरी सुईन बगायची तर बग."

लंकाबाईचा हात सुपात थांबला. तिने मला उचलले, उलटे करून पाहिले.

"म्या हिला हळद-कुकू वाह्यलं हुतं," ती म्हणाली. "ह्याच हातानं."

लंकाबाई उठली. मला वाटले, आता ही मला विहिरीत फेकणार, आणि फेकले असते तर मी तिला दोष दिला नसता. ती आत गेली, चुलीतली राख आणि नारळाची शेंडी घेऊन आली आणि मला घासायला बसली. पाते, मूठ, कडी, कडीचा सांधा. डोळ्यांतून पाणी गळत होते, ते माझ्यावर पडत होते आणि ती घासतच होती. तिचे बोट कापले तरी थांबली नाही. मग तिने मला स्वच्छ पाण्याने धुतले आणि मनकर्णाच्या हातात दिले.

"माज्या खेपंला तूच यायचं," ती म्हणाली. "पन येशील तवा सुरी आधी माज्या हातात द्यायची. पानी म्या सोता उकळीन."

मित्रांनो, मी आता म्हातारी झाले आहे. मला कोणी वापरत नाही आणि अजूनही गंज नाही. तुमच्याही घरात अशी चकाकणारी भांडी आहेत, सुऱ्या आहेत. त्यांच्या चकाकीवर जाऊ नका. त्यांच्या सांध्यात बोट घाला, वास घ्या, किळस आली तर येऊ द्या, आणि मग त्यांना घासून धुवा. मनकर्णाला ही किळस चार महिने उशिरा आली. ती वेळेवर आली असती, तर लंकाबाईचा थोरला आज तुमच्या वडिलांच्या वयाचा असता.