बाईंची टिचकी

अख्खी गल्ली मातीकामाच्या त्या खोलीत घुसली होती. उभं राहायला जागा नव्हती, तरी मागचे पुढच्यांना ढकलत होते. फळीवर नुकतेच भट्टीतून काढलेले चकचकीत वाडगे. त्यांना कुणी हात लावत नव्हतं, आणि तरी मधूनच एखादा वाजायचा. टिंग!

"ऐकलंत? बाई बोलल्या!" कानवाले बाबा गरजले. पटापट हात जोडले गेले.

भांडी घडवणाऱ्या बाईंना जाऊन महिना झाला होता. थंड झालेल्या प्रत्येक भांड्याला नखाने टिचकी मारून बघायची त्यांची सवय. खणखणीत वाजलं तर पक्कं, बद्द वाजलं तर चिरलेलं. तोच आवाज आता आपोआप येत होता. त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या मुलीला सगळे शिकाऊच म्हणत. तिने एकटीने लावलेली ही पहिलीच भट्टी. पहिली टिंग ऐकली तेव्हा तिच्या अंगावर सर्रकन काटा आला होता. "आले, बाई," असं ती हाक ऐकल्यासारखी बोलूनही गेली होती. तेव्हापासून बाईंच्या रिकाम्या स्टुलाकडे बघायचा तिला धीर होईना.

आणि कानवाले बाबा म्हणजे काय विचारता! भिंतीला कान लावून मेलेल्यांशी गप्पा मारणारं प्रस्थ. जिवंत माणसाचं एक वाक्य पुरतं ऐकून घेतील तर शपथ!

"आत्मा मातीत अडकलाय," बाबा म्हणाले. "अडकलाय म्हणजे काय? मोकळा नाही. मोकळा नाही म्हणजे काय? अडकलाय!"

लोकांनी माना डोलावल्या.

"ताईला त्रास होतोय का, विचारा ना," बाईंची धाकटी बहीण रडत म्हणाली. शिकाऊ तिला मावशी म्हणायची.

आत्म्याला ऊब हवी म्हणून बाबांनी वाडग्यांखाली दिवे ठेवले. मग थर्मासमधलं मंतरलेलं पाणी शिंपडलं. टिंग, टिंग, टिंग!

"भयंकर त्रास! उद्याच भट्टी फोडा, आणि ही खोली माझ्या ध्यानाला द्या."

"फोडते," मावशी म्हणाली.

शिकाऊने भट्टीकडे बघितलं. ही भट्टी गेली की तिचं शिकणंच संपलं. पण बाई खरंच तळमळत असतील तर?

तेवढ्यात पाण्याचे थेंब तिच्या मनगटावर उडाले. हात झोंबला. मंतरलेल्या पाण्याला एवढा गारवा कशाला लागतो?

"बाबा, मी विचारू?"

"बाळ, त्याला कान लागतात."

"मलाही दोन आहेत."

कुणीतरी फिस्सकन हसलं. तिने थर्मासमधलं पाणी पातेल्यात ओतलं, चांगलं गरम केलं आणि वाडग्यांवर शिंपडलं. "बाई, त्रास होतोय?"

खोली गप्प. एक तरी वाजू दे, असं तिलाच आतून वाटत होतं. पण काही नाही.

"रुसल्या!" बाबा ओरडले.

तिने समोरच्या सरबतवाल्याकडून बर्फ आणला, नळाच्या पाण्यात टाकला आणि मंत्रबिंत्र न म्हणता ते पाणी शिंपडलं. टिंग, टिंग, टिंग!

मग तिने एका वाडग्याला शाई चोपडून पुसली. चकाकीवर केसाएवढ्या भेगांचं जाळं उमटलं.

"बाईंची माती संपली म्हणून मी दुसरी आणली, पण वरचा चकाकीचा लेप जुनाच दिला," ती म्हणाली. "दोघांचं जमलं नाही. थंड होताना लेप मातीपेक्षा जास्त आक्रसतो, ताण बसला की तडकतो. म्हणून कित्येक दिवस वाजत राहतो. दिव्याने तापवून वर गार पाणी टाकलं, की हुकमी वाजतो. हाच यांचा मंत्र! अहो, करून बघितल्याशिवाय कशाला माना डोलावता? आणि प्रश्न विचारला म्हणून चिडेल, त्याला आधी दार दाखवा!"

बाबांना एकाएकी ध्यानाची वेळ आठवली. थर्माससुद्धा न घेता ते सटकले.

गर्दी पांगली. मावशी तिथेच बसून होती.

"म्हणजे ताई नव्हतीच?"

"नव्हत्या, मावशी."

"मग कशाला गं सांगितलंस? चार दिवस तरी होती माझ्याजवळ."

शिकाऊ तिच्याजवळ येऊन बसली. "मलाही त्या हव्याच होत्या. पण तो तुमच्या रडण्यावर ही खोली लाटायला निघाला होता."

मग मावशीने शाईचा वाडगा हातात घेतला. "ताईने हे बघितलं असतं तर?"

"सगळे वाडगे फोडले असते. आणि मला असं फैलावर घेतलं असतं की बस."

मावशी रडता रडता हसली. "हो गं," ती म्हणाली. "अशीच होती माझी ताई."