पायाखालचं पेडल

आमच्या मॅमोग्राफीच्या यंत्राला खाली जमिनीवर दोन पेडल आहेत. एकावर पाय दिला की वरची प्लास्टिकची पट्टी खाली येते आणि बाईचा स्तन दोन पट्ट्यांमध्ये दाबला जातो. दुसऱ्यावर पाय दिला की पट्टी वर जाते. काम पायावर ठेवलंय, कारण हात बाईला धरायला, तिचा खांदा वळवायला मोकळे लागतात. ज्याने कोणी हे यंत्र बनवलं, त्याला सासू नसावी.

मी ललिता. महाडला, चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीतल्या तपासणी केंद्रात नऊ वर्षं फोटो काढते. तोंडाने फटकळ आहे, हे मला कोणी सांगायला नको. बाई ‘दुखतंय’ म्हणाली की मी म्हणते, ‘दुखणारच. चार सेकंद. बाळंतपणं काढलीत ना?’ आणि दाबते. दाबावंच लागतं. मांस पातळ पसरलं की किरण कमी लागतात आणि फोटो स्वच्छ येतो. जाड राहिलं की यंत्र आपणहून जास्त किरण सोडतं. त्याला आरपार बघायचं असतं, बाई कोण आहे हे ते विचारत नाही. प्रत्येक फोटोखाली किरणांचा आकडा उमटतो. नीट दाबलं तर सव्वा, दीड. दोनच्या वर गेला की मी स्वतःवरच चिडते.

फेब्रुवारीत एका संस्थेने पोलादपूरच्या वरच्या वाड्यांमधल्या बायकांसाठी शिबिर ठेवलं. रोज दोन जीप खाली यायच्या. चौथ्या दिवशी जीपमधून उतरल्या त्या माझ्या सासरच्या वाडीतल्या नऊ बायका. एकजात सगळ्या नात्यातल्या. कोणी चुलत सासू, कोणी मामेसासू, आणि सगळ्यांच्या मागे माझी सासू, भागूबाई.

पहिल्या आत आल्या ठमाबाई, माझी चुलत सासू. मी त्यांना यंत्रापाशी उभं केलं आणि सवयीने पेडलवर पाय ठेवला. पट्टी खाली आली. ठमाबाईंनी पट्टीकडे पाहिलंच नाही, खाली पाहिलं.

"पायानं दाबतेस गो मला?"

आमच्यात मोठ्या माणसाला चुकून पाय लागला तरी वाकून नमस्कार करतात. ठमाबाई चिडल्या असत्या तर बरं झालं असतं, मी उलट बोलले असते. पण त्या नुसत्या विचारत होत्या. दार लोटलेलं होतं, बाहेरच्या आठ जणींची बडबड थांबली. मी पाय काढून घेतला.

यंत्राच्या बाजूला एक गोल चाक आहे, हाताने फिरवायचं. त्यानेही पुरेसं दाबता येतं. पण पाय काढला तेव्हा माझा धीरही गेला. मी चाक थोडं फिरवायची, त्या डोळे मिटायच्या, की मी थांबायची. दहा-बारा किलोचा दाब हवा, तिथे मी चारावर सोडत होते. परक्या बायकांना मी रडवते आणि घरच्यांना फुलासारखं जपते, आपला तो बाब्या म्हणतात ते हेच. आकडे माझ्या समोर होते. दोन पूर्णांक एक, दोन पूर्णांक तीन. पुढचीला नीट दाबू, असं आठ वेळा मनात म्हटलं.

शेवटी आत्या आल्या. सासूला मी आत्या म्हणते. मला लग्नानंतर या कामाचं शिक्षण त्यांनी दिलं, माझ्या माहेरच्यांनी नाही. नवरा, किशोर, मुंबईला, मी अलिबागला कोर्सला, आणि आमच्या सहा वर्षांच्या स्वराजला आत्यांनी एकटीने सांभाळलं. वाडीने नावं ठेवली, त्यांनी मला त्यातला एक शब्द कळू दिला नाही. त्या माझ्यासमोर उघड्या छातीने उभ्या राहिल्या आणि मी नजर भिंतीकडे वळवली. चाक दोन वेळा फिरवलं.

"दुखतंय का, आत्या?"

"नाय गो. काय बी नाय."

तिथेच माझं चुकलं. दुखत नाही म्हणजे दबलेलं नाही. आकडा दोन पूर्णांक सहा आला आणि फोटो पुसट. पुन्हा काढायला हवा होता. पुन्हा काढायचा म्हणजे पुन्हा किरण, पुन्हा त्यांना तसं उभं करायचं. मी जाऊ दिलं. मुंबईत बसून फोटो बघणाऱ्या डॉक्टरांकडून आठ दिवसांनी अहवाल आला, नऊही जणींचं सगळं ठीक. मी सुटले. झाकली मूठ सव्वा लाखाची.

जुलैत सोनाली आली. यंत्रांची वर्षाची तपासणी ती करते. वयाने माझ्याहून बरीच लहान, पण कामाला चोख. रत्नागिरीहून यायची होती, कशेडी घाटात दरड आली म्हणून दोन दिवस उशिरा पोचली, पायातल्या बुटांना लाल चिखल होता. तिने वर्षभराचे आकडे काढले आणि खाली खाली जाताना एकदम थांबली.

"ताई, अठरा फेब्रुवारीला यंत्र बिघडलं होतं का? या नऊ जणींचे आकडे सगळ्यांपेक्षा जास्त आहेत."

"असेल," मी म्हणाले. खोटं बोलायला मला जराही वेळ लागला नाही.

तिने पट्ट्यांमध्ये प्लास्टिकचा ठोकळा ठेवून यंत्र तपासलं. एकदा, मग पुन्हा. यंत्रात काही नव्हतं. मग तिने दाबाचा रकाना उघडला. चार किलो. तीन. चार. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी सगळं सांगितलं, ठमाबाईंच्या त्या एका वाक्यासकट. ती हसली नाही.

"त्यांना काही होईल का?" मी विचारलं.

"किरणांनी बहुतेक काही नाही होणार. द्यायचं कारण नव्हतं ते दिले, हे खरं. मला भीती फोटोची आहे. दाबलं नाही की आतल्या सावल्या एकावर एक पडतात. काही असलं तरी झाकलं जातं."

"अहवाल ठीक आलाय."

"जे दिसलं त्याचा आलाय," ती म्हणाली. मग एकेक फोटो उघडत गेली. शेवटच्यावर बराच वेळ थांबली. "ही कोण?"

"माझी सासू."

"नऊही जणींना परत बोलवा, ताई. पण यांना आधी. या आठवड्यातच."

मी वाडीत फोन लावला. ठमाबाईंनी उचलला. मी म्हटलं, फोटो परत काढायचे आहेत. त्या म्हणाल्या, "येकदा झाला ना? त्या मशीनीत आग असते म्हणतात. आमच्यातली कोन नाय येनार." आणि फोन ठेवला. आग मीच जास्त दिली होती, त्यामुळे त्यांना खोटं तरी काय म्हणू? पुढच्या दोन दिवसांत एकीनेही फोन घेतला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरून मी पोलादपूरला उतरले आणि पावसात वर चढून गेले. वाटेत तिघी भेटल्या, तिघींनी दुसरीकडे बघितलं.

आत्या गोठ्यात होत्या. पाच महिन्यांत अंगाने उतरल्या होत्या. पोलकं खांद्यावरून ओघळत होतं. मला आधीच दिसायला हवं होतं. मे महिन्यात मी चार दिवस राहून गेले होते आणि उन्हाने वाळल्यात म्हणून सोडून दिलं होतं.

"तुझा फोटो नीट आला नाय म्हनून मला यायचं?"

"हो."

"मंग चल," त्या म्हणाल्या आणि शेण लागलेले हात धुऊ लागल्या.

दुपारी त्याच खोलीत, त्याच जागी त्या उभ्या राहिल्या. मी आधी वाकून त्यांच्या पाया पडले. मग पेडलवर पाय दिला. या वेळी भिंतीकडे पाहिलं नाही. चार किलो, सहा, नऊ. त्यांनी दांडा घट्ट धरला, तोंडातून बारीक आवाज आला. मी पाय काढला नाही. बारा. जाडी सहा सेंटीमीटरवरून चारवर आली. फोटो काढला, आकडा आला एक पूर्णांक दोन.

आणि पडद्यावर ते आलं. आत, अगदी मागे, पांढरी गाठ आणि तिच्यातून चहूकडे फुटलेले बारीक धागे. मी डॉक्टर नाही. पण नऊ वर्षं फोटो बघते आहे. धागे फुटलेल्या गाठीचं नाव मला कोणी सांगावं लागत नाही. मी आधीचा फोटो शेजारी लावला. तिथेही ती होती, सावल्यांच्या खाली, बरीच लहान. आता कळल्यावर दिसत होती.

मला ओरडायचं होतं, पण आत्या अजून यंत्रापाशी उभ्या होत्या. मी पट्टी वर घेतली आणि त्यांना पदर दिला.

"आला का नीट?"

"आला, आत्या."

त्या पडद्याजवळ आल्या. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण त्या दोन्ही फोटो बघत राहिल्या आणि मग माझ्या तोंडाकडे. माझं तोंड त्यांना चांगलं वाचता येतं. पांढऱ्या गाठीवर त्यांनी बोट ठेवलं.

"ह्ये तवा बी होतं?"

खोटं बोलता आलं असतं. मी मान हलवून हो म्हटलं.

"मंग तवाच का नाय दाबलंस गो?"

"तुम्हाला पाय कसा लावू, आत्या. तुमचा मान..."

"मान कोनी मागितलावता तुझ्याकडं?" त्या म्हणाल्या आणि खुर्चीवर बसून पोलक्याची बटणं लावू लागल्या.