उलटी ठेवलेली प्रवेशपत्रं

शाळेच्या प्रयोगशाळेत एवढी माणसं कधी मावली नव्हती. नऊ मुलं, त्यांचे आईबाप, कुणाची मावशी, कुणाचा मोठा भाऊ, सगळे मधल्या टेबलाला खेटून उभे होते. टेबलावर नऊ प्रवेशपत्रं ओळीनं मांडलेली. पहिलं प्रवेशपत्र वर्गातल्या चष्मिशचं; त्यावर त्याच्या वडिलांनी दोरा धरला होता, आणि त्या दोऱ्याला टांगलेला पितळी लंबक आपणहून गोल फिरू लागला होता.

"फिरला," कुणीतरी पुटपुटलं.

"फिरणारच," लंबककाका म्हणाले. "बघा, माझे दोन्ही हात खिशात."

राष्ट्रीय विज्ञान स्पर्धेचा निकाल चार वाजता लागायचा होता. आता सव्वातीन झाले होते. लंबककाका एरवी जमिनीखालचं पाणी शोधून द्यायचे. मुलांचा जीव टांगणीला लागलाय म्हणून चष्मिशच्या वडिलांनी त्यांना आणलं होतं. लंबक गोल फिरला तर निवड, पुढेमागे झुलला तर नाही. "यात देवधर्म नाही हं, शुद्ध विज्ञान," काका सांगत होते. "प्रत्येक नावाची फ्रिक्वेन्सी असते. चाळीस फूट कातळाखालचं पाणी याला कळतं. तासाभरानंतरचा निकाल म्हणजे तर दारात येऊन उभाच राहिलेला."

आणि ऊर्जेच्या व्याख्या तोंडपाठ असलेली नऊ मुलं माना डोलावत होती.

सातवं प्रवेशपत्र मोजपट्टीचं. ती बाकावरची सावलीसुद्धा मोजून वहीत लिहायची, म्हणून वर्गानं तिला हे नाव दिलं होतं. तिची आई रुग्णालयात औषधांच्या खिडकीवर कामाला होती. आईनं दोरा धरला. रोज शेकडो गोळ्या मोजणारा तो हात अगदी स्थिर होता. लंबक जरा थांबला, आणि पुढेमागे झुलायला लागला.



"मी नाही हलवत," आई म्हणाली. "खरंच सांगते, मी नाही हलवत."

"ठाऊक आहे, ताई." काकांनी आवाज खाली आणला. "हिची फ्रिक्वेन्सी विज्ञानाशी जुळतच नाही. चार वाजता कळेलच. मग पोरीची ओढाताण करू नका, विषय बदला."

आईनं लंबक पुढच्याच्या हाती दिला आणि मोजपट्टीला खिडकीपाशी नेलं. "हे खरं निघालं, तर पुढच्या वर्षी विज्ञान नको. विषय निवडीचा अर्ज बदलायचा."

"आई, काहीतरीच काय?"

"माझ्या हातात हललं गं ते. दुसऱ्या कुणाच्या हातात असतं तर हसले असते मी."

निवड होणार नाही, हे मोजपट्टीला जवळजवळ माहीतच होतं. स्पर्धेसाठी तिनं वीस रोपं वाढवली होती, दहा निळ्या प्रकाशात, दहा साध्या. परीक्षक बाईंनी एकच प्रश्न विचारला होता, "उंची मोजताना कुठलं रोप कुठल्या गटातलं, हे तुला ठाऊक होतं?" ठाऊक होतं. "मग तुला हव्या त्या बाजूला अर्धा मिलिमीटर जास्त मोजला गेला नसेल, कशावरून?" तिला उत्तर देता आलं नव्हतं. म्हणजे चार वाजता लंबक खरा ठरणार. त्यानंतर ती काहीही बोलली, तरी हरलेली मुलगी सबबी सांगते असंच सगळे म्हणणार.

साडेतीन झाले होते. काय करायचं ते चारच्या आधीच करायला हवं होतं. ती टेबलाकडे वळली. आईलाही ठाऊक होतं ना, प्रवेशपत्र कुणाचं ते?

"काका," ती म्हणाली, "प्रवेशपत्रं उलटी ठेवून परत करूया का? आपल्या विज्ञानाच्या बाई ती मिसळतील. कुठलं कुणाचं, ते फक्त लंबकालाच कळेल."

"तसं नसतं बाळ. कागद उलटा झाला की लहरी अडतात."

"चाळीस फूट कातळानं अडत नाहीत ना?" विज्ञानाच्या बाई मागून म्हणाल्या. "भलताच दणकट दिसतोय आमचा कागद."

दोघंतिघं हसले. काकांना नाही म्हणता येईना.

बाईंनी प्रवेशपत्रं पालथी घालून पिसली. आई दोरा घ्यायला तयार नव्हती.

"तूच धर," मोजपट्टी म्हणाली. "खिडकीवर गोळ्या अंदाजानं देतेस का?"

आईनं धरला. चष्मिशनं नऊ उत्तरं फळ्यावर लिहिली आणि मगच प्रवेशपत्रं उलटून नावं टाकली. मोजपट्टीच्या नावापुढे या वेळी गोल आला होता. बाईंनी परत पिसली, परत नऊ उत्तरं घेतली. आता तिच्यापुढे पुढेमागे. या दोन खेपांमध्ये पाच जणांची उत्तरं बदलली होती.

"निकाल एक आणि उत्तरं दोन?" चष्मिश म्हणाला.

बाईंनी लंबक लोखंडी स्टँडला बांधला आणि एकेक प्रवेशपत्र त्याखाली सरकवलं. लंबक ढिम्म हलला नाही.

"स्टँडला हात नाही, म्हणून हे असं," बाई म्हणाल्या. "आपण मनात ज्याची वाट बघतो, तसा हात किंचित हलतो. इतका किंचित, की आपला आपल्यालाच पत्ता लागत नाही. लांब दोरा ती हालचाल मोठी करून दाखवतो."

आईनं स्टँडकडे पाहिलं. "म्हणजे मघाशी ते माझ्या मनातलं होतं?"

"तू घाबरली होतीस."

"अजून आहेच की."

"श्रद्धा नसली की लंबक रुसतो," काका म्हणाले, पण गेले नाहीत. चार वाजायची वाट बघत थांबले.

चार वाजता यादी पडद्यावर आली. नवातले दोघे निवडले गेले होते. मोजपट्टी त्यांत नव्हती. तिनं टेबलाची कड घट्ट धरली.

"काय म्हणालो होतो, ताई?" काका म्हणाले.

मोजपट्टीनं आईकडे पाहिलंच नाही. तिची हिंमत होईना.

आई फळ्यापाशी गेली. नऊ नावांपुढे तिनं लंबकाचं अगदी पहिलं, नावं दिसत असतानाचं उत्तर लिहिलं, त्याच्यापुढे खरा निकाल, आणि बोट ठेवत मोजलं. "पाच जणांना तुम्ही निवड सांगितलीत, त्यातला एक लागला. चौघांना नाही म्हणालात, त्यातलीही एक लागली. नवात चार बरोबर. नाणं उडवलं असतं तरी एवढं जमलं असतं. नवात पाच औषधं चुकली ना, तर आमच्या खिडकीला कुलूप लागेल. माझ्या मुलीचं तेवढं धरायचं आणि गोल फिरूनही नाव न लागलेल्या या चष्मिशचं सोडून द्यायचं होय?"

काकांनी स्टँडवरचा लंबक सोडला आणि खिशात टाकला.

"आणि अर्ज?" मोजपट्टीनं विचारलं.

"आहे तसाच राहू दे. तुझ्या रोपांचं काय चुकलं, ते घरी चालताना नीट सांग मला."

लंबककाका लबाड होते की स्वतःच फसलेले, ते कळायला मार्ग नाही. निकालाच्या दिवशी भीती सगळ्यांनाच वाटते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण भीतीनं हलवलेल्या हाताला भविष्य म्हणू नका. कुणी असा चमत्कार दाखवला, तर नाव झाकून पुन्हा करायला सांगा. आणि जेवढं बरोबर आलं ते मोजताना, चुकलं तेही मोजा.