लाटेसाठी सोडलेली जागा

रेमिखियाच्या नातीचा बाप्तिस्मा झाला त्या वर्षी, रेकॉर्डिंगच्या तिसऱ्या दिवशी सकाळी, रेमिखियाच्या थोरल्या भावाने, अन्सेल्मोने, ड्रमच्या काठ्या वर उचलल्या आणि तो तसाच थांबून राहिला. गाणं पुढे निघून गेलं.

"डॉन अन्सेल्मो," काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाला ब्रूनो अदबीने म्हणाला, "चार मोजायचे आणि मारायचं. इतकंच."

"मोजतो की."

"मग थांबता कशाला?"

अन्सेल्मोने टॉवेलने मान पुसली. पंचवीस वर्षं समुद्रात बुड्या मारून शिंपले काढलेला माणूस. आता जिना चढताना दोनदा बसायचा. डॉक्टरांनी जे सांगायचं ते रेमिखियाला सांगून टाकलं होतं. म्हणून तर हट्टाने ती बँडमधल्या सगळ्यांना किनाऱ्यावरून सांतियागोच्या स्टुडिओत घेऊन आली होती. त्याचा हात एकदा तबकडीवर उतरावा, मग काय व्हायचं ते होवो.

तिने मांडीवरची बेस गिटार सावरली. ब्रूनोने तिच्या गंजलेल्या तारा बदलायला लावल्या होत्या. नव्या तारा पाहुण्यांसारख्या जपून बोलत होत्या.

"कानात तालाची टिकटिक लावू," ब्रूनो म्हणाला.

टिकटिक ऐकत अन्सेल्मोने वाजवलं. एकही ठोका चुकला नाही. ब्रूनोने टाळ्या वाजवल्या. गाणारा एवारिस्तो भिंतीकडे बघत राहिला.

"झालं ना?" अन्सेल्मो म्हणाला. "चला घरी. इथलं मासळीचं कालवणसुद्धा अळणी."

रेमिखियाचं अंग मोडून आलं होतं. हो म्हणणं सोपं होतं. पण आत्ता वाजलं ते गाणं कुणाचंही असू शकलं असतं. तीस वर्षं त्यांनी होड्यांच्या शेडमध्ये वाजवलं होतं. शेड खांबांवर, खाली पाणी. ध्रुवपदाआधी सगळे गप्प व्हायचे, लाट खालून फळ्यांवर आदळायची, आणि तिच्या मागोमाग अन्सेल्मोचा ठोका पडायचा. लाट कधी लवकर यायची, कधी उशिरा. हे कुणी ठरवलं नव्हतं, म्हणून कुणाला सांगावंही लागलं नव्हतं.

ती उठली. पायाखालचा गालिचा गुंडाळून तिने बाजूला सारला. खाली लाकूड होतं.

"आणखी एकदा. टिकटिक नको."

"मेलो मी, रेमी."

"मेल्यावर आराम कर. आत्ता काठ्या घे."

तो हसला, मग बराच वेळ खोकला. मग त्याने काठ्या घेतल्या.

ध्रुवपद जवळ आलं. सगळे थांबले. रेमिखियाने टाच आपटली. मागोमाग त्याचा ठोका पडला, जड, ओल्या दोरासारखा. ब्रूनो काहीतरी सांगायला वाकला आणि तसाच मागे टेकला.

दुसऱ्या ध्रुवपदाला तिने मुद्दाम घाई केली. त्याने ती अचूक उचलली. शेवटच्या वेळी तिने पाय उचलला आणि खाली आणलाच नाही. यानंतर गाणं संपणार होतं. तो डोळे मिटून, काठ्या वर धरून वाट पाहत होता. कंटाळला नव्हता. त्याच्या छातीची घरघर माइकवर उतरत होती. तिचा पाय थरथरू लागला, तेव्हा कुठे तिने तो सोडला.

"केवढा वेळ लावलास गं," बाहेर आल्यावर तो म्हणाला.

"ओहोटी होती."

"खोटारडी."

तबकडी सप्टेंबरात आली. त्याआधी, नऊ ऑगस्टला दुपारी, अन्सेल्मो घरी वारला.