गोल पंगतीतलं रिकामं पान

पिंप्राळ्याच्या मोतीलालभाऊंनी कादंबरी लिहिली आहे हे त्यांच्या घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि एखाद्याचं घोरणं चारचौघांत काढू नये तसं कोणी ते बाहेर काढत नव्हतं.

कादंबरी शिलेदारांची होती. तिच्यात लोखंडी चिलखतं होती, बोलते घोडे होते, आग ओकणारा अजगर होता. आणि एक राजा होता. कोणी वरचा नको, कोणी खालचा नको, म्हणून तो आपल्या शिलेदारांना गोल पंगतीत बसवायचा. त्या पंगतीत एक जागा कायम रिकामी असे. नालायकानं तिथं बूड टेकलं की जमीन दुभंगे. जागेचा खरा धनी शोधायला शिलेदार रानोमाळ हिंडत होते, आणि दोनशे पानं हिंडूनही तो सापडत नव्हता. कारण तो कोण, हे खुद्द मोतीलालभाऊंनाच ठाऊक नव्हतं.

जन्मभर वाचनालय सांभाळलेला माणूस. पुस्तक अर्धवट टाकून परत करणाऱ्याचा चेहरा त्यांना चांगला ओळखू येई. म्हणून त्यांनी मनाशी ठरवलं, पितांबरच्या शेतातल्या भरीत पार्टीत गोष्ट सांगायची. कोणी एकदा तरी ‘मंग?’ म्हटलं तर ठीक. नाही म्हटलं तर गठ्ठा आपल्या हातानं जाळात सारायचा. गठ्ठा पिशवीत घालून ते यावलच्या गाडीत बसले.

शेतात कपाशीच्या काड्यांचा जाळ पेटला होता. पितांबरची बायको कुंदाबाई पांढुरक्या हिरव्या, नारळाएवढ्या वांग्यांना तेलाचा हात लावत होती. पितांबर हा मोतीलालभाऊंचा शाळेपासूनचा सोबती, जिभेला हाड नसलेला. पिशवी दिसताच तो म्हणाला, “भाऊ, वांगे मी आणेल हायेत. तुम्ही काय आणलं?”

धुरानं चष्मा धुरकटला होता, तेव्हा वाचणं राहिलं. मोतीलालभाऊंनी चाचरत गोष्ट तोंडीच सुरू केली. पहिली हरकत पितांबरच्या जावयानं, हितेंद्रनं घेतली. जळगावच्या मे महिन्यात लोखंडाचे कपडे घालणाऱ्याचा शिलेदार होत नाही, भरीत होतं, असं त्याचं म्हणणं पडलं. अजगराबद्दल मात्र कोणाची तक्रार नव्हती. त्याच्या फुंकरीवर वांगं सगळीकडून सारखं भाजेल की एकाच अंगानं करपेल, एवढंच पितांबरला हवं होतं. शंका भरपूर निघाल्या, पण ‘मंग’ काही निघेना. मोतीलालभाऊंचा हात पिशवीकडे गेला.

तेवढ्यात गोष्ट गोल पंगतीवर आली आणि पितांबर ताठ बसला. पंगत गोल, तर वाढायला सुरुवात कुठून करायची? राजापासून करावी, तर तो वरचा झाला. जावयापासून करावी, तर बाकीचे शिलेदार तोंडं फुगवणार. हितेंद्र म्हणाला, मामा, मी मागून जेवतो. त्यावर पितांबरनं त्याला गप्प केलं, कारण प्रश्न मानाचा होता. वाद चांगलाच रंगला.

मोतीलालभाऊ मात्र गार पडले. दोनशे पानांत आपण ढाली रंगवल्या, घोड्यांना नावं दिली, पण पंगतीत वाढायला कोणी ठेवलंच नाही. बिचारे शिलेदार पहिल्या पानापासून उपाशी बसले होते.

इकडे वांगी लाकडी बडगीत ठेचून झाली. जाळाभोवती केळीची पानं गोल मांडली होती. त्यातल्या एकावर नुसता दगड ठेवलेला होता. कुंदाबाई त्या पानाशी उभी राहिली आणि तिथून उजवीकडे वाढत निघाली.

“वहिनी, ते पान कोणाचं?” मोतीलालभाऊंनी विचारलं.

“माझं. तिथून सुरुवात केली म्हणजे कोणी राहत नाही, कोणाले दोनदा जात नाही.”

“तिथे कोणी बसत नाही?”

“हे बसले होते एकदा,” तिनं नवऱ्याकडे हनुवटी उडवली. “इचारा त्यायले.”

पितांबर भाकरीकडे बघत म्हणाला, “धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं, असं झालं होतं.”

मोतीलालभाऊंनी हातातला घास खाली ठेवला. मग कोणी विचारलं नसताना बोलू लागले, आणि आता चाचरत नव्हते. शिलेदार हात हलवत परत आले, उपाशी, चिलखतात शिजलेले. सगळे पंगतीत बसले. रिकाम्या जागेपाशी एक बाई वाढत उभी होती. ती पहिल्या दिवसापासून तिथंच होती, पण तिच्याकडे कोणी पाहिलं नव्हतं. शेवटच्या शिलेदाराला वाढून झालं. तिनं भांडं खाली ठेवलं, पदराला हात पुसले...

इथे ते थांबले, कारण पुढचं त्यांना अजून सुचलं नव्हतं. सगळ्यांची तोंडं भरिताने भरलेली. हिरव्या मिरचीनं हितेंद्रच्या डोळ्यांत पाणी.

“मंग?” कुंदाबाई म्हणाली. तिचा पळीचा हात हवेतच राहिला होता. “बसली का ती?”

मोतीलालभाऊंचे कान लाल झाले. “बसली. जमीन हललीसुद्धा नाही. आणि राजा उठला, पळी त्यानं घेतली.”

सगळ्यांनी पितांबरकडे पाहिलं. तो गुडघ्यांना शिव्या घालत उठला आणि बायकोच्या हातातून पळी घेतली. कुंदाबाईनं दगड बाजूला केला आणि पानावर बसली. पितांबरनं तिला वाढलं, जरा जास्तच वाढलं, आणि लगेच स्वतःच्या पानावरही एक पळी टाकून घेतली.

“राजा असाच होता का, भाऊ?” कुंदाबाईनं विचारलं.

जाळ मंदावला होता. कागद आहे का काही, म्हणत पितांबरनं पिशवीकडे हात केला. मोतीलालभाऊंनी ती ओढून मांडीखाली घेतली आणि तिच्यावरच बसून भाकरी मोडली.