मौनातली चिठ्ठी

राखीनं कुंचा चुन्याच्या डब्यात बुडवला आणि कडेच्या विटांवरून पुन्हा फिरवला. हा तिसरा हात. विटा दुसऱ्या हातालाच बगळ्यासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या, पण तिचा हात काही थांबत नव्हता.

“अगले साल के लिए भी कुछ छोड़ दे,” पलीकडच्या थडग्यावरचं गवत उपटता उपटता अश्विन म्हणाला.

ती हसली नाही. एरवी वर्गातल्या या आगाऊ पोराला तिनं दोन शब्द सुनावले असते.

दोन नोव्हेंबर, मृतांच्या आठवणीचा दिवस. बालाघाटच्या या ख्रिस्ती दफनभूमीत संध्याकाळी चार वाजता प्रार्थना व्हायची. त्याआधी, ज्यांचं कुणी येणार नाही अशी थडगी शाळेच्या सेवागटानं साफ करायची, ही जुनी रीत. गटात बावीस मुलं, त्यांतली ख्रिस्ती तिघंच. बाकीची लांजीकडच्या शेतकऱ्यांची, गावातल्या दुकानदारांची, विहाराशेजारच्या वस्तीतली. सेवेच्या डायरीत सिस्टरची सही मिळते म्हणून येणारे त्यांत होते, आणि कुणी सांगितलं नसतं तरी आले असते असेही होते. अकरावीतली राखी या दुसऱ्यांतली. गटाची प्रमुख. निदान ऑगस्टपर्यंत तरी आपण त्या पदाला लायक आहोत असं तिला वाटत होतं.

भिंतीकडचं हे शेवटचं थडगं तिनं मागून घेतलं होतं. माती अजून पुरती बसली नव्हती. लाकडी क्रुसावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, ललिता मरावी, वय चौदा. ललिताचं गाव बिरसाच्याही पलीकडे, जंगलात. ऑगस्टात नाल्याला पूर होता, रस्ता बंद होता. म्हणून तिच्या बापानं, महागूनं, पोरीला इथंच मूठमाती दिली आणि रस्ता उघडल्यावर एकटाच परत गेला.

थडग्याच्या उशाला एका सपाट दगडावर पेटी ठेवली होती. सागवानी, वर फट, पुढे लहानसं कुलूप. आज लोक आपापल्या मृतांची नावं चिठ्ठीवर लिहून तिच्यात टाकणार होते. त्या चिठ्ठ्या कुणी वाचत नाही. महिनाभर चर्चमधल्या वेदीपाशी राहतात आणि मग तशाच जाळतात. पेटी धरून उभं राहायचं काम राखीचं. सकाळी शाळेच्या सिस्टर तेक्लांनी ती हातात दिली तेव्हा तिनं ती अंगापासून लांब धरली होती. ऑगस्टातलीच पेटी ती.

ऑगस्टात शाळेच्या वसतिगृहातल्या मुलींचं तीन दिवसांचं मौन होतं. वर्षातून एकदा असतं. तीन दिवस कुणी कुणाशी बोलायचं नाही, जेवताना मीठ हवं असेल तरी बोटानं दाखवायचं. मनात जे असेल ते देवाला चिठ्ठीत लिहायचं आणि पेटीत टाकायचं. तिसऱ्या संध्याकाळी सगळ्या चिठ्ठ्या घमेल्यात जाळायच्या, एकही न उघडता. देवाऐवजी माणसाला काही सांगायचं असेल तर काय करायचं, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

मौनावर लक्ष ठेवायला मोठ्या मुलींतून एक जण नेमतात. राखीला नेमलं होतं, आणि तिनं ते काम नको तितकं मन लावून केलं. खिदळणाऱ्या पोरींना नुसत्या डोळ्यांनी गप्प बसवलं. पेटीपर्यंत यायचा कंटाळा करणाऱ्यांच्या चिठ्ठ्या स्वतः गोळा केल्या. दुसऱ्या दुपारी ललितानं पलंगावर पडल्या पडल्या हात लांब करून तिला चिठ्ठी दिली. वहीचं पान, चार घड्या घातलेलं. राखीनं ते घेतलं, हसून मान डोलावली आणि पेटीत टाकलं. ललिता तिच्याकडे बघतच राहिली होती. मौनात सगळ्याच तशा बघतात.

तिसऱ्या संध्याकाळी चिठ्ठ्या जळाल्या. त्यानंतर तासाभरात ललिताला झटके सुरू झाले. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मलेरिया डोक्यात गेला, एक दिवस आधी आणायला हवं होतं.

मग विचारपूस झाली आणि ती गोदाबाईवर येऊन थांबली. गोदाबाई वसतिगृहाची आया, एकोणीस वर्षांची नोकरी. मौन मुलींना होतं, तिला नव्हतं. पोरीला ताप आहे हे माहीत होतं का, असं विचारल्यावर ती “हौ” म्हणाली. मग सांगितलं का नाही, यावर तिनं जी मान खाली घातली ती वर केलीच नाही. तिला घरी बसवलं. येत्या सोमवारच्या बैठकीत कायमचं काढून टाकायचं ठरत होतं. तिच्या वॉर्डातल्या बाया नळावर तिच्या पाठीमागे बोलू लागल्या होत्या, हिच्यापायी लेकरू गेलं.

राखीनं कुणाला काही सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं होतं तरी काय? प्रार्थनेचीच चिठ्ठी असेल ती. भावाच्या परीक्षेसाठी, गाईच्या दुखण्यासाठी. अशी समजूत ती रोज स्वतःची घालायची, आणि रोज एकाच जागी अडायची.

चिठ्ठी गरम होती.

नुकत्याच तव्यावरून उतरवलेल्या पोळीसारखी गरम. राखीला ते तेव्हाच जाणवलं होतं. जाणवलं, आणि तिनं ती पेटीत टाकली. तेव्हापासून तिनं कागदाला घडी घातली नव्हती. वर्गात कुणी चिठ्ठी सरकवली की तिची बोटं आखडायची. दुपारी ललिताच्या रिकाम्या पलंगाजवळून जाताना चादरीतून एक हात लांब झाल्यासारखा वाटायचा, आणि ती पलीकडच्या भिंतीला अंग घासत निघून जायची. डोळा लागला की घमेल्यातला कागद आपसूक उलगडायचा, अक्षरं दिसू लागायची, आणि वाचायला वाकलं की काळी पडायची. तिला भीती वाटत होती. ललिताची वाटत होती, आणि त्याहून जास्त सोमवारची. पण खरं सांगितलं तर प्रमुखपद जाईल, कदाचित शाळाही, आणि लांजीहून बाबा न्यायला येतील. “आमची राखी तिथं सगळ्या पोरींची लीडर हाये,” असं गावभर सांगणारे बाबा.

“लई पांढरं केलं वो,” मागून आवाज आला.

गोदाबाई उभी होती. फिकट निळं लुगडं, हातात झेंडूची फुलं आणि एक मेणबत्ती. ती मोठ्या फाटकातून आलेली नव्हती. भिंतीच्या पडक्या भागातून आली असावी, पदराला गवताचं कुसळ लागलं होतं.

हिंदीच्या गजबजाटात वसतिगृहात मराठी बोलणाऱ्या या दोघीच. पहिल्या वर्षी घरची आठवण आली की राखी गोदामावशीच्या खोलीत जाऊन बसायची. नुसतं आपल्या बोलीत भांडायला मिळालं तरी तिला बरं वाटायचं.

“कशी हायेस मावशी?”

“हाये. दिवस काढून राह्यली.” गोदाबाईनं फुलं मातीवर ठेवली, कमरेची पिशवी उघडून एक कोरा कागद काढला. “मले लिहिता येत नाही, तुले मालूमच हाये. एक नाव लिहून दे. पेटीत टाकाचं हाये.”

“कोणाचं?”

“हिचंच. दुसरं कोणाचं?”

राखीनं कागद मांडीवर घेऊन ललिताचं नाव लिहिलं. घडी घालायची वेळ आली तेव्हा तिची बोटं आखडली. गोदाबाईनं कागद तिच्या हातातून घेतला आणि सावकाश दुमडला. एक, दोन, तीन, चार.

“तिनं बी अशाच चार घातल्या होत्या,” ती म्हणाली.

राखीनं झटकन वर पाहिलं.

“तू पाह्यलं?”

“पेन मीच आणून देल्ला तिले. हात लावून पाह्यला त अंग तापलं होतं. म्हटलं चाल, सिस्टरले सांगू. तिनं मान हलवली. खुणेनं सांगतलं, लिहून देईन. इमानी पोरगी, मौन नाही मोडलं तिनं.” गोदाबाई थडग्याकडे बघून बोलत होती. “लिहिलं. तुह्या हातात देल्लं, ते मी दारातून पाह्यलं. मंग मी निचिंत झाली. म्हटलं, तोंडचं कोणी विसरून जाते, लिहेल हाये त पोचतेच.”

पलीकडे अश्विन कुणाला तरी पाण्याची बादली मागत होता. राखीला तो फार लांबून ओरडतोय असं वाटलं.

“मंग सिस्टरले काहून नाही सांगतलं हे?”

गोदाबाईनं मातीवरचं सागाचं सुकं पान उचललं.

“काय सांगू? चिठ्ठी राखीजवळ होती, असं? तुले अजून कॉलेज कराचं हाये. माह्यं काय, एकोणीस वर्सं झाले. एक पोरगी त गेली, दुसरीले काहून ढकलाचं?”

“मले वाटलं प्रार्थना हाये.”

“मालूम हाये मले. म्हणून त नाही बोलली.”

तिचा हात राखीच्या डोक्याकडे निघाला. लहानपणी तेल लावून देणाऱ्या बायांचा असतो तसा खरबरीत, जाड बोटांचा हात. राखीला तो तसाच डोक्यावर घेता आला असता. मावशीनं माफ केलं, असं म्हणून आयुष्यभर जगता आलं असतं.

“मावशी,” ती म्हणाली, “चिठ्ठी गरम होती.”

हे गोदाबाईला माहीत नव्हतं. हात मध्येच थांबला. ती राखीच्या तोंडाकडे बघत राहिली, अगदी ललिता बघत राहिली होती तशी. मग हात पोचला, डोक्यावर टेकला, पण तेवढा उशीर दोघींनाही कळला.

प्रार्थनेची घंटा झाली, माणसं जमली. गोदाबाईनं मेणबत्ती लावली, चिठ्ठी स्वतः पेटीच्या फटीतून आत सोडली आणि मागे भिंतीशी जाऊन उभी राहिली. तिच्या आसपासची दोन-तीन माणसं जरा सरकली.

राखी पेटी घेऊन प्रार्थनेसाठी मांडलेल्या टेबलाजवळ उभी राहिली. माणसं येत होती, चिठ्ठ्या टाकत होती, पेटी जड होत नव्हती तरी तिला जड लागत होती. शेवटचा माणूस गेल्यावर तिनं पेटी टेबलावर ठेवली, सेवेच्या डायरीतलं एक पान फाडलं आणि उभ्या उभ्याच तीन ओळी लिहिल्या. गोदाबाईची चूक नाही. ललितानं चिठ्ठी माझ्याकडे दिली होती आणि ती गरम होती. मला कळलं होतं आणि मी ती पेटीत टाकली.

तिनं पानाला घडी घातली नाही. सगळी प्रार्थना होईपर्यंत ते दोन तळव्यांमध्ये धरून ठेवलं. लोकांना वाटलं, पोरगी हात जोडून उभी आहे.

प्रार्थना संपली. सिस्टर तेक्ला पेटी घ्यायला आल्या, तेव्हा राखीनं पान पुढे केलं.

“पेटी में डाल दो, बेटा,” सिस्टर म्हणाल्या. “आज की चिट्ठी कोई नहीं पढ़ता।”

“यह पेटी की नहीं है, सिस्टर। आपके लिए है।”

मागे भिंतीपाशी गोदाबाई जोरजोरात मान हलवत होती, नको, नको. राखीला ती दिसत होती. तिनं हात मागे घेतला नाही.

सिस्टरांनी चष्मा शोधत शोधत पान घेतलं. घेतल्याबरोबर त्यांनी वाचायचं सोडून राखीच्या तोंडाकडे पाहिलं.

“इतना गरम? बुखार तो नहीं है तुम्हें?” आणि त्यांचा मोकळा हात लगेच तिच्या कपाळाकडे आला.

राखी एक पाऊल मागे सरली.

“पहले पढ़ लीजिए, सिस्टर,” ती म्हणाली.