आत्याची खूण

शकुबाईंच्या पोटातला कॅन्सर यकृतात पसरला, तेव्हापासून सिंधूचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पण तिची नजर सासूपेक्षा सहा वर्षांच्या वैशालीवर जास्त. पोरीने पोट धरलं, अर्धी भाकरी टाकली, की सिंधू तिचं पोट चाचपून बघायची. आजी-नात एका ताटात जेवायच्या, तेही तिने बंद केलं. कॅन्सर उष्ट्याने होत नाही, हे बी.एस्सी. झालेल्या बाईला कुणी सांगायला नको होतं. तरी ताटं वेगळी झाली. शकुबाईंनी ते पाहिलं.

नाशिकच्या दवाखान्यात मुंबईहून एक डॉक्टर यायचे. एकाचा कॅन्सर पोटातच राहतो, दुसऱ्याचा भराभर पसरतो, असं का, हे ते शोधत होते. आपलं कोण नि परकं कोण, हे शरीर पेशींवरच्या खुणांनी ओळखतं. त्या खुणा अर्ध्या आईकडून येतात, अर्ध्या बापाकडून. त्यातलीच एखादी या पसरण्याला वाट देते की काय, अशी त्यांना शंका होती. म्हणून रक्ताच्या नात्यातल्यांचं रक्त हवं होतं.

सिंधूने आधी नवऱ्याला, जयरामला, पुढे केलं. मग जीव मुठीत धरून वैशालीचा हात. स्वतः मात्र बाजूला उभी राहिली. "मी सून. माझं रक्त काय कामाचं?"

खाटेवरून शकुबाई म्हणाल्या, "सून मागून झाली, डाक्टर. आधी ती माझ्या भावाची पोर हाय. सिन्नरहून मीच मागून आणली."

सिंधू वरमली. आतेघरी भाची द्यायची चालच होती. पण नांदता नांदता आत्याची सासू झाली, आणि दुखणं आलं तेव्हा ते 'त्यांच्या घरचं' झालं. तिने मुकाट्याने बाही वर केली.

पुढच्या महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं. शकुबाईंच्या ज्या खुणेवर त्यांचा संशय होता, ती जयरामच्या रक्तात नव्हतीच. वैशालीच्या होती. सिंधूकडून आलेली, आणि सिंधूला तिच्या बापाकडून.

"म्हणजे हिला होणार?"

तसं मुळीच नाही, ते म्हणाले. ती खूण असलेली कितीतरी माणसं ठणठणीत असतात, आणि हा सगळा अजून नुसता अंदाज आहे. सिंधूला ते कळलं. पटलंही. तरी घरी येईपर्यंत बसमध्ये तिने पोरीचा हात सोडला नाही.

आईला काही सांगू नको, असं जयराम बजावत होता. पण शकुबाईंनी सरळ तिलाच विचारलं, आणि आत्याशी खोटं बोलणं तिला लहानपणापासून जमलं नव्हतं. ऐकून म्हातारी हसली. दुखलं म्हणून पोट धरून थांबली.

"मंग आता तुझं ताट कुठं मांडायचं गं, सिंधे?"

सिंधू उठून आत गेली. तिने मऊ भात एकाच ताटात वाढला आणि वैशालीला हाक मारली. आजीने पहिला घास नातीला भरवला. सिंधूही ताटाशी बसली, पण तिचा हात भातातच राहिला. पोरगी घास गिळते कशी, ते ती बघत होती.